परधर्मीय सुनेचा श्रीगणेशा

अलीकडे सुशिक्षित कुटुंबांतून परधर्मांत वाढलेली सून येणें हें पूर्वीइतकें नवलाचें राहिलें नाहीं. अशी मुलगी घरांत आली म्हणजे वडीलधारी मंडळी गीतेची एखादी सटीक प्रत तिच्या हातीं देतात आणि आपलें कर्तव्य संपलें असें मानितात. हेतु चांगला, परंतु शिकविण्याची ही रीत आम्हांस उलटी वाटते. मुळाक्षरें गिरविल्यावांचून कोणी रघुवंश वाचूं लागत नाहीं.

प्रथम कायद्याची गोष्ट. १९२८ सालीं इंदूरचे तुकोजीराव होळकर यांच्याशीं विवाह होण्यापूर्वीं नॅन्सी मिलर या अमेरिकन बाईंनीं हिंदुधर्माची दीक्षा घेतली व त्या शर्मिष्ठादेवी झाल्या. आज तसें करणें भागच आहे असें नाहीं. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यान्वयें उभयतांस आपापला धर्म राखून विवाह करितां येतो. मात्र दोघांपैकीं एक ख्रिस्ती, मुसलमान, पारशी वा यहुदी असल्यास १९५५ चा हिंदु विवाह कायदा लागू होत नाहीं. म्हणून सप्तपदी झाली एवढ्यावर विसंबून नोंदणीची हयगय करूं नये. तात्पर्य, अशा सुनेनें आपला धर्म शिकावा तो सक्तीनें नव्हे, तर तिला शिकावासा वाटतो म्हणून. आणि ही इच्छा टिकविणें घरच्या माणसांच्या हातीं आहे.

आमच्या परिचयाच्या एका घरांतील ख्रिस्ती सुनेनें सासूबाईंस विचारिलें, "आई, देवांच्या ताम्हनांत मूर्ति न ठेवितां हे गोटे कां ठेविले आहेत?" सासूबाई उत्तरल्या, "आमच्यांत असेंच असतें." पुढें पुढें ती प्रश्नच विचारीनाशी झाली. घरच्यांस वाटलें, मुलगी रुळली. वास्तविक ती दूर गेली होती. शाळिग्राम हा विष्णु, नर्मदेंतील बाण हा शिव, त्यांसह देवी, गणपति व सूर्य मिळून पंचायतन होतें. ईश्वरास मुखाकृति असलीच पाहिजे असें नाहीं, एवढें सांगण्यास दोन मिनिटेंही लागलीं नसतीं.

लग्नांत सप्तपदी झाली असल्यास आरंभ तिच्यापासून करावा, कारण तीं पावलें मुलगी स्वतः चाललेली असते. अन्न, बल, धन, सुख, संतति व ऋतु यांसाठीं सहा पावलें आणि सातवें सख्यासाठीं, असा क्रम आश्वलायन गृह्यसूत्रांत आहे. पत्नी ही सखी, हें तिला पहिल्याच दिवशीं कळावें. नंतर शास्त्र कोणतें व लोकाचार कोणता हें वेगळें करून सांगावें. माप ओलांडणें, नांव घेणें हे आपल्याकडील लोकाचार. विवाहांत देशोदेशींचे व गांवोगांवचे आचार भिन्न असतात, हें त्याच सूत्रकारानें मान्य केलें आहे.

या शिक्षणाचा गुरु कोण? आपस्तंब धर्मसूत्राच्या शेवटीं, उरलेला धर्म स्त्रियांकडून व सर्व वर्णांकडून समजून घ्यावा, असें कित्येकांचें मत दिलें आहे. म्हणजे सासूबाईंच्या अधिकारास शास्त्राचा आधार आहे; त्यासोबत उत्तर देण्याची जबाबदारीही आली. उत्तर ठाऊक नसल्यास तसें मोकळेपणीं सांगून दोघींनीं मिळून तें शोधावें. आणि सून आरतीस नुसती उभी राहिली, किंवा आपली प्रार्थना निराळी करूं लागली, तरी तिचा हिरमोड करूं नये.

वाचकभगिनींस आमची सूचना इतकीच, कीं येत्या चैत्रांत हळदीकुंकवाची तयारी सुनेकडून करवितांना, गौर झोपाळ्यावर कां बसविली याचें उत्तर आधीं स्वतः तयार ठेवावें. गौर महिनाभर माहेरीं आलेली असते, हें सांगतां सांगतां सुनेच्या माहेरची विचारपूसही आपोआप होईल.