जुना जॅक, नवे वायसर आणि गाडीखालचा माणूस

हिमायतनगरसारख्या तालुक्याच्या गावी कापडाचा व्यापार करणाऱ्या माणसाने जॅकवर का लिहावे, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. उत्तर सोपे आहे. आमचा धंदा आता चाकांवर चालतो. भोकर, हदगाव, इस्लापूर, उमरखेडच्या बाजारांना गाठोडी नेणारा टेम्पो रस्त्यात बसला की त्या दिवसाचा बाजार बुडाला. तो टेम्पो पुन्हा उभा करणारा कारागीर बहुधा आपल्याच मोहल्ल्यातला एखादा तरुण असतो, आणि त्याचे पहिले हत्यार असते जॅक. त्याचा जॅक चांगला तर आमचा व्यापार चांगला. त्याचा जॅक दगा देणारा असेल, तर केवळ बाजार नव्हे, एखाद्या घरची कमावती व्यक्ती जाते.

माझे मत आधीच सांगून टाकतो. जुना हायड्रॉलिक जॅक विकत घेऊन, घरी उघडून, त्याला नवे सील घालून कामाचा करणे हा फायद्याचा आणि शहाणपणाचा व्यवहार आहे. परंतु त्याला तीन अटी आहेत. एक, जॅक कसा चालतो हे समजून घेतल्याशिवाय त्याला पाना लावू नये. दोन, जॅक कितीही चांगला दुरुस्त झाला तरी माणसाने केवळ त्याच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. तीन, तो जॅक पुढे विकायचा झाला तर त्याचा ऐब सांगूनच विकावा.

प्रथम फायद्याचा हिशोब पाहू. नवा चाकांचा ट्रॉली जॅक, जो गॅरेजमध्ये जमिनीवरून ढकलत नेता येतो, काही हजारांच्या खाली येत नाही. भक्कम प्रतीचा घ्यायचा तर किंमत आणखी चढते. नव्याने गॅरेज टाकणाऱ्या मुलाला पाने, कॉम्प्रेसर, बॅटरी चार्जर हे सगळे एकदम उभे करायचे असते. त्यासाठी तो सावकाराच्या दारी जातो, किंवा हप्त्यावर माल उचलून व्याजात अडकतो. उलट हैदराबादचा जुम्मेरात बाजार, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड अशा ठिकाणी, किंवा बंद पडलेल्या एखाद्या गॅरेजच्या सामानात, जुना जड जॅक भंगाराच्या भावाने मिळून जातो. पुष्कळदा त्याचे लोखंड शाबूत असते. खराब झालेले असते ते चार-सहा रबरी वायसर आणि काळे पडलेले तेल. त्या सीलचा खर्च नव्या जॅकच्या किमतीचा लहानसा हिस्सा असतो. लोखंड टिकते आणि रबर झिजते, हे ज्याला कळले तो भंगारातून भांडवल उभे करू शकतो.

आता जॅक चालतो कसा ते पाहू. आमच्या उर्दू शाळेत द्रवाला ‘माए’ आणि दाबाला ‘दबाव’ म्हणत. फ्रान्सच्या पास्कलने सतराव्या शतकात सांगितलेला नियम असा की बंद भांड्यातल्या द्रवाला एका ठिकाणी दाब दिला तर तो सगळीकडे सारखा पोचतो. जॅकमध्ये एक बारीक दट्ट्या असतो, तो दांड्याने वरखाली होतो. दुसरा जाड दट्ट्या असतो, त्याला रॅम म्हणतात. समजा बारीक दट्ट्या 12 मिलिमीटर व्यासाचा आणि रॅम 36 मिलिमीटरचा आहे. व्यास तिप्पट, म्हणून क्षेत्रफळ नऊपट. दांड्याच्या लांबीने आणखी दहापट जोर मिळाला, तर हाताच्या 20 किलो जोराचे रॅमवर 1800 किलो होतात. सायकलच्या पंपाएवढ्या कष्टात टेम्पोचे एक तोंड उचलले जाते ते असे.

पण याच हिशोबाची दुसरी बाजू पाहा. त्या वेळी आतल्या तेलाचा दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरला सुमारे 177 किलो होतो. मोटारीच्या टायरमधल्या हवेचा दाब दोन-सव्वादोन किलो असतो. म्हणजे टायरच्या जवळपास ऐंशीपट दाब एका रबरी वायसरने अडवून धरलेला असतो. ते वायसर कडक झाले, चिरले किंवा चुकीच्या मापाचे बसवले, तर काय होईल हे वेगळे सांगायला नको.

या वायसरचा इतिहास आपल्या वाचकांना आवडावा असा आहे. इसवी सन 1206 मध्ये अल-जझरी या मुसलमान कारागिराने यंत्रांवरचा आपला ग्रंथ पूर्ण केला. त्यात दोन दट्ट्यांचा पाणी उपसण्याचा पंप आहे. पाणी एकाच दिशेने जावे म्हणून त्यात झडपा आहेत, आणि दट्ट्या घट्ट बसावा म्हणून तांब्याच्या चकत्यांमध्ये तागासारख्या धाग्याची दोरी गुंडाळलेली आहे. पुढे 1795 मध्ये इंग्लंडच्या जोसेफ ब्रामाने हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट घेतले. त्याच्या प्रेसची गळती थांबवणारी, दाब वाढेल तशी आपोआप घट्ट होणारी कातड्याची वाटी हेन्री मॉडस्लेची असे मानले जाते. तोही कारखान्यातून वर आलेला कारागीरच. 1851 मध्ये अमेरिकेत रिचर्ड डजनने उचलून नेता येण्याजोग्या हायड्रॉलिक जॅकचे पेटंट घेतले. धागा गेला, कातडे आले. कातडे गेले, रबर आले. काम तेच राहिले. आपल्या मराठवाड्याला हे यंत्र परके नाही. जिनिंग-प्रेसिंगमध्ये 170 किलोची कापसाची गाठ बांधली जाते ती याच तत्त्वावर. ज्या तत्त्वाने आमचा कापूस दाबला जातो, त्याच तत्त्वाने आमचा टेम्पो उचलला जातो.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. जॅक उघडण्याआधी रोग ओळखावा. बाहेर तेल ओघळत असेल तर रॅमचे किंवा पंपाचे सील गेले. बाहेर थेंब नाही पण उचललेली गाडी हळूहळू बसते, तर बहुधा आतल्या झडपेची गोळी किंवा सोडवणीचा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. वजन असताना दांडा आपोआप वर येऊ लागला तर पंपाच्या पुढची गोळी गळते. दांडा स्पंजासारखा मऊ लागत असेल तर आत हवा आहे. पूर्ण उंची गाठत नसेल तर तेल कमी आहे. असे आधी ओळखले तर निम्मे काम वाचते, आणि कधी कधी सील न बदलता फक्त तेल बदलून भागते.

उघडताना ताणलेल्या स्प्रिंगा आधी सांभाळून काढाव्यात, कारण त्या सुटल्या तर डोळ्यावर येतात. प्रत्येक गोळी, स्प्रिंग, तांब्याची चकती ज्या क्रमाने निघाली त्याच क्रमाने पांढऱ्या फडक्यावर मांडावी. सुटे भाग रॉकेलने किंवा डिझेलने धुवावेत, बंद खोलीत पेट्रोलने नव्हे. येथे कापडवाला म्हणून एक गोष्ट सांगण्याचा मला अधिकार आहे. गॅरेजमध्ये हात पुसायला जे बनियनचे वेस्ट वापरतात, ते आतले भाग पुसायला वापरू नये. त्याचा रवा सुटतो आणि एक बारीक तंतू झडपेच्या गोळीखाली अडकला तरी जॅक वजन धरत नाही. जुन्या पॉपलीनचे, घट्ट विणीचे, अनेकदा धुतलेले फडके घ्यावे.

सील नुसते डोळ्याने बघून आणू नये. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी व्हर्नियरने मोजावी. जुने सील फुगलेले किंवा दबलेले असते, म्हणून ज्या खाचेत ते बसते ती खाचही मोजावी. बसवताना स्वच्छ हायड्रॉलिक तेलाचा हात लावावा आणि सीलचे तोंड दाबाच्या दिशेला ठेवावे. उलटे बसवलेले सील नवे असूनही गळते.

तेलाच्या बाबतीत आपल्याकडे एक घातक सवय आहे. जवळ असलेले ब्रेक ऑइल जॅकमध्ये ओतून देतात. ब्रेक ऑइल सहसा वेगळ्या जातीचे असते, आणि जॅकचे रबर त्यात फुगते व मऊ पडते. जॅकला जॅकचेच पातळ हायड्रॉलिक तेल हवे, सहसा 22 किंवा 32 क्रमांकाचे. जॅक पूर्ण खाली बसवून, भोकाच्या किंचित खालपर्यंत तेल भरावे. मग सोडवणीचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून दांडा दहा-पंधरा वेळा भरभर मारावा, म्हणजे हवा निघते.

काही गोष्टींना घरी हात लावूच नये. जास्त वजन आल्यावर तेल परत सोडणारा सुरक्षेचा व्हॉल्व्ह कारखान्यात बसवलेला असतो. ‘दोन टनीचा तीन टनी करून देतो’ म्हणत तो पिळणारा कारागीर नव्हे, मृत्यूचा दलाल आहे. सिलिंडरमध्ये नखाला अडकणारी चीर असेल, रॅमला खोल खड्डे पडले असतील, उचलणारा हात वाकला असेल किंवा वेल्डिंगपाशी फुटला असेल, तर तो जॅक भंगारात घालावा. घरच्या वेल्डिंगने त्याला पुन्हा उभा करू नये. टाकून देणे हाही दुरुस्तीच्या विद्येचाच एक भाग आहे.

तयार जॅकची परीक्षा माणूस खाली घालून होत नाही. त्याच्या नेमून दिलेल्या मर्यादेच्या आत वजन उचलावे, खाली कोणी नाही हे पाहावे, उंचीची खूण करावी आणि निदान दहा मिनिटे थांबावे. खूण हलली तर काम अपुरे आहे. आणि खूण हलली नाही तरी लक्षात ठेवावे की जॅक उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही. गाडी धरून ठेवते ती लोखंडी घोडी. जमीन सपाट आणि टणक हवी, उरलेल्या चाकांना पुढून-मागून गुटके हवेत, आणि गाडी घोडीवर बसल्यानंतरच माणूस खाली जावा. विटा किंवा पोकळ सिमेंटचे ठोकळे घोडीच्या जागी ठेवू नयेत. ते तडकताना सूचना देत नाहीत.

‘वीस वर्षे असेच करतो, काही झाले नाही,’ असे उत्तर अनेक गॅरेजवाल्यांकडून मिळते. ही मुरब्बी माणसे आहेत, त्यांच्या हुनराचा मी आदर करतो. पण नशीब म्हणजे हुनर नव्हे. शिवाय गाडीखाली नेहमी उस्ताद जात नाही, अंगाने बारीक म्हणून शागीर्द मुलाला पाठवले जाते. 14 वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे 2016 च्या दुरुस्तीनंतर बालकामगार कायद्याने गुन्हा आहेच. पण कायद्याच्या आधी आपले काळीज आहे. परक्याचे मूल आपल्या हवाली असते तेव्हा ते अमानत असते.

विक्रीचेही तसेच आहे. जुन्या मालाच्या बाजारात रंग मारून नवा दिसणारा जॅक ठेवण्याची पद्धत आहे. माझ्या ओळखीच्या एका टेम्पोवाल्याला असाच चकचकीत जॅक मिळाला. आतले सील जुनेच, वर फक्त लाल रंग. कापडात विणीचा दोष लपवला तर गिऱ्हाइकाचे पैसे जातात. जॅकमध्ये दोष लपवला तर हाडे मोडतात. आपल्या व्यापाराची शिकवणच अशी की मालाचा ऐब गिऱ्हाइकाला दाखवून मग सौदा करावा. जो कारागीर जॅकवर कोणते सील बदलले, कधी बदलले आणि किती वजनावर तपासला याची चिठ्ठी लिहून देईल, त्याला दोन पैसे जास्त मागण्याचा हक्क आहे, आणि गिऱ्हाइकाने ते आनंदाने द्यावेत.

शेवटी एक मोठा मुद्दा. आपला एक मुलगा दहावीपर्यंत पास्कलचा नियम पाठ करतो, पण त्याने जॅक कधी उघडलेला नसतो. दुसरा मुलगा शंभर जॅक उघडतो, पण त्याला पास्कल कोण हे ठाऊक नसते. हे दोघे एकाच गल्लीत राहतात. एके काळी हा भाग हैदराबाद संस्थानात होता, आणि 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात विज्ञान उर्दूतून शिकवले जात होते. त्यासाठी भाषांतराचा स्वतंत्र विभागच काढला होता. म्हणजे भाषा आडवी येत नाही, इच्छा आडवी येते. शासकीय आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. दहावी झालेल्या मुलाने तो जरूर करावा, आणि ज्याची शाळा सुटली आहे त्याच्यासाठी आपल्या शिकलेल्या तरुणांनी आठवड्यातून एक तास गॅरेजमध्ये जाऊन बसावे.

सरकारकडूनही थोडी अपेक्षा आहे. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसायांना प्रशिक्षण आणि अवजारांसाठी 15 हजारांपर्यंत मदत ठेवली आहे. यादीत लोहार आहे, कुलूप करणारा आहे, शिंपी आहे. गाडी दुरुस्त करणारा नाही. हातोडा घडवणाऱ्याला जे मिळते ते हातोडा चालवणाऱ्या मेकॅनिकलाही मिळावे, अशी मागणी आपल्या कारागिरांच्या संघटनांनी करायला हवी.

तोवर आपल्या हाती जे आहे ते करू. व्यापारी बंधूंनो, तुमचा टेम्पो ज्या गॅरेजमध्ये जातो तिथे एकदा वाकून पाहा. गाडी नुसत्या जॅकवर उभी असेल आणि खाली कोणाचे पाय दिसत असतील, तर बिलात घासाघीस करण्याऐवजी त्या उस्तादाला लोखंडी घोड्यांची एक जोडी घेऊन द्या. तुमच्या दुकानातल्या दोन-चार चांगल्या साड्यांपेक्षा तिची किंमत जास्त नाही.