तिसऱ्या यंत्राचा अडलेला निरोप



गेल्या महिन्यातील एका रविवारी दुसरी मिस्सा आटोपून मी बाहेर पडत होतो, तोच आमच्या धर्मग्रामातील एक बाई वाटेत उभ्या राहिल्या. चेहरा उतरलेला. म्हणाल्या, "फादर, पोरानं घरातलं नेट बंद पाडलंय. दोन रात्री झाल्या, कुवेतचा फोन नाही." त्यांचे यजमान कुवेतला नोकरीस असतात. रोझरी आटोपली की त्यांचा फोन यावा, धाकटीने शाळेतील हकीकत सांगावी आणि मगच पाने वाढावीत, असा त्या घरचा गेल्या कित्येक वर्षांचा परिपाठ. तो मोडला होता.

मुलगा बावीस वर्षांचा, पदवीधर आहे. बेंगळुरास संगणकांची व्यवस्था पाहण्याची नोकरी मिळावी म्हणून तो घरीच अभ्यास करतो. त्यासाठी पतपेढीचे कर्ज काढून त्याला १६ जीबी स्मृतीचा लॅपटॉप घेऊन दिलेला आहे. अलीकडे त्याने यंत्राच्या पोटात यंत्र आणि त्याच्याही पोटात आणखी एक यंत्र बसविण्याचा उद्योग चालविला होता. ते सर्वांत आतले यंत्र काही केल्या बाहेरच्या जगाशी बोलेना. शेवटी वैतागून त्याने ब्रॉडबँडच्या डबीमागील बारीक बटण टाचणीने दाबून धरले. डबी पुन्हा सुरू झाली खरी. परंतु जोडणी देणाऱ्यांनी तीत भरलेले नाव आणि परवलीचा शब्द पार पुसला गेला. ही दोन्ही फोनवरून मागवून पुन्हा भरली, तेव्हा घर पूर्ववत झाले. तिसरे यंत्र मात्र मुकेच राहिले.

यंत्राच्या पोटात यंत्र म्हणजे काय, असे वडीलमंडळी विचारतील. लॅपटॉपवर एक विशेष प्रणाली चालवून, जणू दुसरा स्वतंत्र संगणकच तेथे आहे, असा भास निर्माण करता येतो. त्यास आभासी यंत्र म्हणतात. त्या आभासी यंत्रातही तीच प्रणाली चालवून तिसरे यंत्र उभारले, की त्यास 'नेस्टेड' म्हणतात. पाचसहा संगणक विकत न घेता मोठ्या कार्यालयातील व्यवस्था एका टेबलावर शिकता यावी, हा त्याचा उपयोग. हे आजकालच्या मुलांचे खूळ आहे असेही कोणी समजू नये. आयबीएमने १९७२ साली आपली व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली, आणि त्या प्रणालीची नवी आवृत्ती जुनीच्या पोटात चालवून पाहण्याचा प्रघात तेव्हाच्या जाणत्यांतही होता.

सोमवारी सायंकाळी मी त्यांच्या घरी गेलो. मुलगा मान खाली घालून बसला होता. त्याने तिसरे यंत्र चार वेळा पुसून नव्याने उभारले होते. मी त्याला म्हटले, "बाळा, आता काहीही बदलू नकोस. कोण कोणाशी बोलते एवढेच आधी पाहू." सेमिनरीत वादविवादाच्या तासाला प्रतिपक्षाचे म्हणणे सरसकट नाकारण्याची आम्हांस मुभा नव्हती, 'डिस्टिंग्वो', म्हणजे 'मी येथे भेद करतो', असे म्हणून खरे कोठवर आणि खोटे कोठून हे दाखवावे लागे. त्या वयात मला त्याचा कंटाळा येई.

आम्ही बाहेरून आत जात पाहिले. लॅपटॉपवरून डबीला, म्हणजे १९२.१६८.१.१ ह्या पत्त्याला, 'पिंग' करून हाक मारली, उत्तर आले. दुसऱ्या यंत्रातून हाक मारली, उत्तर आले. तिसऱ्यात पाहावे, तो त्याचा पत्ता १६९.२५४ ह्या अंकांनी सुरू होणारा. विंडोजच्या यंत्राने पत्ता मागितला आणि कोणीच दिला नाही, म्हणजे ते स्वतःच असा पत्ता धारण करते. अर्थात त्याची विनंती डबीपर्यंत पोचतच नव्हती. दुसरे यंत्र त्याच डबीशी सुखाने बोलत होते, तेव्हा डबी निर्दोष! बिचारीला उगाच टाचणी टोचली.

मग तिसऱ्या यंत्राला हाताने पत्ता दिला आणि दुसऱ्याला हाक मारली. उत्तर नाही. येथे मुलगा पुन्हा निराश झाला; पण विंडोजची सुरक्षा-भिंत पुष्कळदा अशा हाकेला मुद्दाम उत्तर देऊ देत नाही, म्हणून नुसत्या मौनावरून निकाल देऊ नये. 'एआरपी' ह्या आज्ञेने शेजाऱ्यांची यादी पाहिली, तीत दुसऱ्या यंत्राची नोंद होती, डबीची नव्हती. तिसऱ्याचा शब्द दुसऱ्यापर्यंत पोचत होता. त्याच्यापुढे, लॅपटॉपच्या उंबऱ्याशी, तो नाहीसा होत होता.

आता कारण सांगतो. जाळ्यावरील प्रत्येक यंत्राला 'मॅक' नावाचा बारा अंकाक्षरांचा एक शिक्का असतो आणि त्याच्या प्रत्येक पाकिटावर तो उमटतो. एखाद्या वाड्याच्या मालकाने भाडेकरूस शिक्का नेमून दिला आणि देवडीवरच्या पहारेकऱ्यास सांगितले, की ह्या खोलीतून ह्याच शिक्क्याचे पाकीट बाहेर सोड. पुढे भाडेकरूने पोटभाडेकरू ठेवला आणि त्याने आपला निराळा शिक्का मारून पत्र धाडले, तर पहारेकरी ते टाकून देईल. लॅपटॉपवरील आभासी स्विच हा तो पहारेकरी. तो पाकीट टाकतो आणि कोणाला कळवीतही नाही. ह्यात त्याचा दोष नाही. परक्याचा शिक्का मारून परक्याची पत्रे लाटण्याची लबाडी ह्या जगात होते, म्हणूनच त्याला तशी ताकीद असते.

हायपर-व्ही ह्या प्रणालीत ही ताकीद सैल करण्यास 'मॅक ॲड्रेस स्पूफिंग' नावाची एक चौकट आहे. मी तिचा उल्लेख करताच मुलगा उसळून म्हणाला, "फादर, ती खूण मी पहिल्याच दिवशी केलीय!" केली होती, पण दुसऱ्या यंत्रात शिरून, तिसऱ्याच्या नावापुढे. म्हणजे आतल्या पहारेकऱ्याला समजावले, आणि अडविणारा होता बाहेरचा. ती खूण लॅपटॉपवरून, दुसऱ्या यंत्राच्या जाळे-जोडणीपुढे हवी. तोडगा खरा होता, दार चुकले होते. दोन्ही यंत्रांचे शिक्के ००-१५-५डी असेच सुरू होत असल्यामुळे गोंधळ अधिकच वाढला होता. योग्य जागी खूण केली, हाताने दिलेला पत्ता काढून टाकला, आणि अर्ध्या मिनिटात तिसऱ्या यंत्राने डबीकडून आपला पत्ता घेतला. आठ दिवसांचे काम एका खुणेचे होते. पोरगा हसला नाही. नुसता पडद्याकडे बघत राहिला.

ज्यांच्या घरी व्हीएमवेअरची ईएसएक्सआय प्रणाली आहे, त्यांनी बाहेरच्या स्विचच्या सुरक्षा-नियमांत 'प्रॉमिस्क्युअस मोड' आणि 'फोर्ज्ड ट्रान्समिट्स' ही दोन कलमे पाहावीत; तत्त्व तेच. आमच्या ह्या मुलाने लॅपटॉप तारेने डबीला जोडला होता हे भाग्यच. बिनतारी वायफायवर एक नोंदलेले यंत्र सहसा स्वतःच्याच शिक्क्याने बोलू शकते, म्हणून तेथे अशी परकी पाकिटे पुष्कळदा पुढेही अडतात, आणि मग खूण बरोबर असूनही माणूस स्वतःलाच दोष देत बसतो. तसेच दुसऱ्या यंत्राची हुबेहूब नक्कल करून दोन यंत्रे चालविल्यास दोघांच्या पोटातील यंत्रांना एकच शिक्का मिळण्याचा संभव असतो. तेही पाहावे.

हे पहारे सैल करणे ज्यांस रुचत नाही, त्यांना दुसरी वाट आहे, आणि खरे सांगायचे तर नवशिक्याला मी तीच सुचवीन. दुसऱ्या यंत्रात 'नॅट' उभारावा. म्हणजे पोटभाडेकरूची पत्रे भाडेकरू स्वतःच्या शिक्क्याने पाठवितो आणि आलेली उत्तरे आत नेऊन देतो. मात्र आतल्या पत्त्यांची मालिका घरातल्याहून वेगळी हवी, घरी १९२.१६८.१ असेल, तर आत १९२.१६८.१०० अशी घ्यावी. दोन्ही एकच ठेवल्या, की पाकीट आत न्यायचे की बाहेर, हे यंत्रास उमगत नाही. विंडोजचा हा नॅट आपण होऊन पत्ते वाटीत नाही, ते हातानेच द्यावे लागतात. आणि बाहेरून आतल्या यंत्राला थेट हाक मारता येत नाही, ही त्याची उणीव.

आम्ही उठलो तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. कुवेतचा फोन आला. धाकटीने पहिल्याच वाक्यात टाचणीची सगळी गोष्ट सांगून टाकली. पलीकडून क्षणभर काहीच ऐकू आले नाही, मग प्रश्न आला, "आणि ते तिसरं यंत्र बोललं काय?" मुलगा लॅपटॉप उचलून पडद्यासमोर घेऊन गेला. त्याच्या आईने तोवर डबीचे नाव आणि परवलीचा शब्द एका कागदावर ठळक अक्षरांत उतरवून घेतला होता. तो कागद तिने आपल्या प्रार्थनापुस्तकात घालून ठेवला.