सभासदाच्या मेसेजला उत्तर मिळालेच पाहिजे

सभासद बंधू-भगिनींनो,

गेल्या हंगामात बिलावरून आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर खडाजंगी झाली आणि ग्रुपला कुलूप लागले. म्हणजे ग्रुप चालू आहे, पण लिहायचे फक्त कारखान्याने आणि वाचायचे सभासदांनी. 'खोडव्याच्या नोंदी गटऑफिसात द्याव्यात', 'सभेस उपस्थित राहावे' आणि सणासुदीला शुभेच्छा. ही दवंडीच झाली की! ग्रुप पुन्हा खुला करावा असे माझे स्पष्ट मत आहे. हे मत माझे आहे, कारखान्याचे धोरण नव्हे.

आधी माझीच चूक सांगतो. ग्रुप खुला होता तेव्हाची गोष्ट. भर श्रावणात एका सभासदाने रात्री उसाचा फोटो टाकला. दोन बेटे पिवळी पडलेली. खाली एवढेच लिहिले होते, 'सायेब, हे काय हाय?' मधे शुभ सकाळच्या फुलांचा असा ढीग पडला, की तो फोटो मला चौथ्या दिवशी दिसला. मी अंगठ्याचे चित्र पाठवले आणि 'गटऑफिसशी संपर्क साधावा' असे लिहून मोकळा झालो. आठ दिवसांनी ते गृहस्थ वाळलेले बेट हातात घेऊन ऑफिसात आले आणि माझ्या टेबलावर ठेवले. मुळ्या शिल्लकच नव्हत्या. हुमणी! म्हणाले, "सायेब, तुमी आमाला अंगठा दावला व्हता." मला बोलायला तोंड राहिले नाही.

तेव्हापासून मी उत्तर देण्याआधी उलट विचारतो. लागण कधीची? रान हलके का भारी? एक बेट हाताने ओढून बघा, सहज उपटून येतंय का? आले तर मुळाशी माती उकरा, पांढरी, वाकडी अळी सापडते का बघा. आणि हे टाईप न करता बोलून पाठवतो. पुष्कळ सभासदांना मोबाईलवर लिहायचा कंटाळा येतो, पण ऐकायला आणि बोलायला कुणाला शिकवावे लागत नाही.

याचा खरा फायदा मला नंतर कळला. एकाला दिलेले उत्तर ऐकून दुसरा बोलला, 'आमच्याकडंबी हाय'. मग तिसरा. दोन दिवसांत एकाच ओढ्याकाठचे सात गट नंबर माझ्या वहीत आले. पुढच्या वर्षी वळवाचा पहिला पाऊस पडल्यावर त्या शिवारातल्या सर्वांनी मिळून दिवेलागणीनंतर कडुनिंब आणि बाभळी हलवल्या, खाली पडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकले. हे काम एकट्याने करून भागत नाही. शेजारच्या बांधावरचे भुंगेरे आपल्या रानात येऊन अंडी घालतातच. कोणत्याही परिपत्रकाने मला ते सात नंबर दिले नसते.

आता बिलाचे. खरी दुखरी नस तीच आहे. ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत, उशीर झाल्यास १५ टक्के व्याज, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो आणि सभासदाला हे पाठ आहे. तो 'बिल कधी?' विचारतो आणि आपण गप्प बसतो. मग पारावर दहा अफवा उठतात आणि पुढच्या वर्षीची ऊसनोंद दुसऱ्या कारखान्याकडे जाते. हिशेब विभागाचे म्हणणे असे, की तारीख लिहिली की अडकलो. मला ते पटत नाही. तारीख ठरली असेल तर ती लिहावी. ठरली नसेल तर कोणत्या दिवशी ठरेल ते लिहावे. मात्र कुणाच्या खात्याचा आकडा ग्रुपवर टाकू नये, तो ज्याचा त्याला वेगळा कळवावा. कुणी शिवीगाळ केली तर तेवढा मेसेज अ‍ॅडमिनला काढता येतो. एकाच्या शिवीपायी सगळ्यांचे तोंड कशाला बांधायचे?

'आपला संदेश मिळाला, धन्यवाद' असे आपोआप जाणारे उत्तर बसवा, असे एकाने सुचवले आहे. बंद खिडकीला रंगवलेली पाटी लावण्यासारखे आहे ते. चिटबॉयच्या गळ्यातही हे काम घालू नये. तोडणीची चिठ्ठी लांबली म्हणून तो आधीच बोलणी खातोय.

संचालक मंडळाला माझी विनंती आहे, की या पावसाळ्यात निदान एका गटाचा वेगळा ग्रुप खुला करावा. शेतकी विभागाचा एक माणूस त्यावर नेमावा आणि आजच्या प्रश्नाला उद्या संध्याकाळपर्यंत उत्तर जावे. शिवार फिरून आल्यावर पहिले दोन महिने मी स्वतः बसायला तयार आहे.

तोपर्यंत पिवळ्या बेटाचा फोटो थेट माझ्या मोबाईलवर पाठवा. नंबर प्रत्येक गटऑफिसात लिहिलेला आहे. सोबत गट नंबर आणि लागणीची तारीख तेवढी सांगा.

आपला,
ऊसविकास अधिकारी