शहाण्यासारखा बसलेला ससा

शाळेत असताना आम्ही शिक्षक प्रगतिपुस्तकावर एक शेरा अगदी सढळ हाताने लिहायचो, 'शांत व गुणी'. जे पोर प्रश्न विचारत नाही, बाकावरून उठत नाही, मधल्या सुट्टीत भांडत नाही, ते गुणी! ३४ वर्षांत असे किती शेरे लिहिले असतील देव जाणे. त्यातली काही मुलं खरंच शांत होती. काही मात्र उपाशी असायची, काहींच्या घरी काही बिनसलेलं असायचं, आणि ते आम्हाला फार उशिरा कळायचं. निवृत्त झाल्यावर हाच शेरा मी एका सशाला दिला. त्याचीच ही गोष्ट.

नातीच्या आठव्या वाढदिवसाला तिच्या मामाने बाजारातून ससा आणून दिला. पांढरा, पाठीवर करडा ठिपका. खाऊन खाऊन गोल झाला म्हणून त्याचं नाव पडलं ढब्बू. दोन वर्षं तो आमच्या गॅलरीत राहिला. कोथिंबिरीची जुडी सोडायच्या आत पायात यायचा.

एका शनिवारी संध्याकाळी तो आला नाही. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग आक्रसून, डोळे अर्धवट मिटून बसला होता. मी म्हटलं, "बघा, आज कसा शहाण्यासारखा बसलाय!" नात पिंजऱ्याखालचा कागद बदलत होती. ती म्हणाली, "आजी, आज याच्या लेंड्याच नाहीत." मी म्हटलं, "बरंच झालं, तुझं झाडायचं काम वाचलं." रात्री पिंजऱ्यातून दातांचा करकर आवाज येत होता. मला वाटलं, खातोय काहीतरी. सकाळी कान गार पडले होते. रविवार असल्यामुळे डॉक्टर शोधण्यात दुपार झाली. त्यांनी पोट चाचपलं आणि एवढंच म्हणाले, "काल संध्याकाळी आणायला हवा होता." ढब्बू संध्याकाळी गेला.

नंतर डॉक्टरांकडून समजून घेतलं, थोडं वाचलं, तेव्हा कळलं की त्या संध्याकाळी तो कोपऱ्यात बसून सगळं सांगतच होता. ससा हा दुसऱ्यांचं भक्ष्य असलेला प्राणी. रानात जो लंगडतो, कण्हतो, तो आधी मारला जातो. म्हणून दुखणं लपवणं त्याच्या रक्तातच आहे. आपल्या गोष्टीतला ससा पाठीवर पान पडलं तर आभाळ पडलं म्हणून पळत सुटतो. खऱ्या सशावर आभाळ कोसळतं तेव्हा तो कोपऱ्यात गप्प बसतो.

त्याच्या पोटाचं गणितही आपल्यासारखं नाही. एखाद दिवस लंघन केलं की आपल्याला बरं वाटतं, सशाला ते जिवावर बेततं. त्याचं आतडं सतत चालू राहावं लागतं, आणि ते चालू ठेवतं गवतातलं चोथट. खाणं थांबलं की आतलं अन्न सुकतं, वायू धरतो, पोट दुखतं, आणि दुखतं म्हणून तो आणखी खात नाही. ओकून मोकळं व्हायची सोय निसर्गाने त्याला दिलेलीच नाही. दहा-बारा तास खाल्लं नाही किंवा लेंड्या पडल्या नाहीत, तर तो दवाखान्यात नेण्याचा प्रसंग असतो, 'उद्या बघू' म्हणण्याचा नव्हे. वेळेत नेलं तर सलाईन, वेदना कमी करणारं औषध, सिरिंजने पातळ अन्न भरवणं यांनी पुष्कळ ससे वाचतात.

दातांचंही तसंच. लाड करताना हलकेच दात वाजवतो तेव्हा तो सुखात असतो. आक्रसून बसून मोठ्याने करकर वाजवतो तेव्हा ते कण्हणं असतं. लेंड्या बारीक होत जाणं, केसांच्या दोऱ्यात ओवल्यासारख्या पडणं, लाळ गळून हनुवटी ओली राहणं, मान एका बाजूला कलणं ही सगळी लक्षणंच. तोंड उघडून श्वास घेऊ लागला तर एक मिनिटही थांबू नये, कारण ससा एरवी नाकानेच श्वास घेतो. पावसाळ्यात मागची बाजू ओली, घाण राहिली तर माशा अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या होतात, तेही रोज बघायला हवं. आणि घरातली किंवा कुत्र्याची उरलेली गोळी आपल्या मनाने कधीही देऊ नये. पेनिसिलीनच्या जातीची औषधं पोटात गेली तर त्याच्या आतड्यातले उपयोगी जंतूच मरतात.

आमची चूक त्या शनिवारच्याही आधीची होती, हे कबूल करायला हवं. पोळी, बिस्किटं, गाजर, भिजवलेले हरभरे असे लाड दोन वर्षं केले. ज्या सुक्या गवतावर त्याचं पोट आणि दात दोन्ही अवलंबून, ते मात्र आठवण झाली तर. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात आणि गवत चावूनच झिजतात, हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं.

कुणी म्हणेल, दोन-तीनशे रुपयांचा ससा, त्याला कसला एवढा दवाखाना? मला हे पटत नाही. किंमत बाजाराने ठरवलेली असते, दुखणं त्याचं स्वतःचं असतं. ज्याला दवाखान्याचा खर्च नको त्याने ससा आणू नये, त्यात काही कमीपणा नाही. माझं तर स्पष्ट मत आहे की वाढदिवसाची भेट म्हणून मुलाच्या हातात ससा देऊच नये. आणायचाच असेल तर आधी गावात सशांवर उपचार करणारा डॉक्टर आहे का ते पाहावं, त्यांचा नंबर भिंतीवर लावावा, मग पिंजरा घ्यावा. बहुतेक जण उलट करतात. आम्हीही तेच केलं.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. घरात एका माणसाला कळलं होतं. दहा वर्षांची पोर, जिच्याकडे कागद बदलायचं काम होतं, तिने रोजचं आणि आजचं यातला फरक बरोबर टिपला आणि मोठ्या माणसाला येऊन सांगितलाही. चाळीस मुलांचा वर्ग सांभाळलेल्या आजीने तो थट्टेवारी नेला. रोजची घाण काढणाऱ्याला जे दिसतं ते लाड करणाऱ्याला दिसत नाही. माणसांच्या आजारपणातही हे मी पाहिलंय, तरी विसरले.

नात मला काही बोलली नाही. ती नुसती गप्प होती दोन दिवस. या वेळी मात्र मी 'किती समजूतदार' असं म्हटलं नाही. जवळ बसले आणि सांगितलं, "तुझं बरोबर होतं, माझं चुकलं." मग ती रडली.

असो. तुमच्याकडे ससा असेल तर आज झोपण्यापूर्वी एकदा पिंजऱ्याखालचा कागद बघा. आणि कुणी म्हणालं की आज तो अगदी शहाण्यासारखा बसलाय, तर आधी उठून त्याच्यापुढे कोथिंबीर धरा.