पाच टक्क्यांचा हिशेब विचारणार कोण?

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत अखेर नगरसेवक आले. कल्याण-डोंबिवलीच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली होती, ठाण्याची मार्च २०२२ मध्ये. तेव्हापासून १५ जानेवारी २०२६ च्या मतदानापर्यंत दोन्हीकडे प्रशासकांचा कारभार होता. आता ठाण्यात १३१ आणि कल्याण-डोंबिवलीत १२२ नगरसेवक आहेत. अर्थसंकल्प समोर येईल, तेव्हा यातले किती जण दिव्यांगांच्या निधीवर बोलायला उभे राहतात?

हा निधी म्हणजे कुणाची मेहेरबानी नव्हे. महापालिकेनं स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावेत, असा राज्य सरकारचा आदेश आहे. आधी हे प्रमाण तीन टक्के होतं. २०१६ च्या कायद्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ वर नेले. थॅलेसेमिया, सिकलसेल असलेले आणि ॲसिडहल्ल्यात होरपळलेलेही त्यात आले. म्हणजे हक्कदार वाढले.

राज्य पातळीवर हालचाल दिसते. डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागाची घोषणा झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये तुकाराम मुंढे त्याचे सचिव झाले आणि जिल्हा परिषदांमधल्या दिव्यांग कर्मचाऱ्यांच्या प्रमाणपत्रांची पडताळणी सुरू झाली. बोगस प्रमाणपत्रावर मिळवलेली नोकरी खऱ्या दिव्यांगाच्या ताटातली असते, त्यामुळे ही मोहीम हवीच होती. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचं मानधनही दीड हजारावरून अडीच हजार झालं.

पण मंत्रालयातला सचिव डोंबिवलीतला फुटपाथ दुरुस्त करायला येत नाही.

लोकलचा दिव्यांगांचा डबा फलाटावर कुठे थांबतो, हे अंध प्रवाशाला बीप-बीप आवाजावरून कळतं. स्टेशनबाहेर पडलं की असा कुठलाच आधार नाही. रिक्षांची रांग, फेरीवाले, मध्येच संपणारा फुटपाथ. बाइक चढू नयेत म्हणून फुटपाथच्या तोंडाशी लोखंडी खांब रोवतात आणि त्यांत अडकते ती व्हीलचेअर. मुंबईत अशाच खांबांबद्दल व्हीलचेअर वापरणाऱ्या एका तरुणानं ई-मेल पाठवला आणि २०२३ मध्ये उच्च न्यायालयानं त्याची स्वतःहून दखल घेतली. खांबांमधलं अंतर ठरवायला न्यायालयाची पायरी चढावी लागते, ही संतापजनक गोष्ट आहे.

सार्वजनिक इमारती पाच वर्षांत दिव्यांगांना वापरता येतील अशा करा, असं कायदा सांगतो. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे मुदत जून २०२२ मध्ये संपली. त्या महिन्यात या दोन्ही शहरांत जाब विचारायला एकही नगरसेवक नव्हता.

आता आहेत. त्यांनी पहिल्याच अर्थसंकल्पात तीन आकडे मागावेत: पाच टक्क्यांची रक्कम किती होते, गेल्या वर्षी त्यातली किती खर्च झाली आणि प्रभाग कार्यालयं, दवाखाने, शाळा यांपैकी किती ठिकाणी व्हीलचेअर कुणी न उचलता आत जाते.