बहर भरपूर, मग फळे का नाहीत?

थंड प्रदेशात पानगळ सुरू झाली की बागा उदास दिसू लागतात. अशा वेळी बागेची शोभा राखतात ती व्हायबर्नमच्या झुडपावरची लाल, निळी, काळी फळांची झुबके. युरोप-अमेरिकेत हे झुडूप हौसेने लावले जाते. हिमालयातही त्याच्या काही जाती रानात वाढतात.

परंतु अनेकांची निराशा होते. वसंतात झुडूप पांढऱ्या फुलांनी भरून जाते, फळ मात्र एकही धरत नाही. मग खत वाढवले जाते आणि शेवटी कंटाळून झुडूप उपटले जाते. खरे तर बहुतेक वेळा दोष झुडपाचा नसतोच. त्याला जोडीदार नसतो.

जोडी कशी निवडावी?

व्हायबर्नमच्या बऱ्याच जातींत स्वतःच्या परागकणांनी फळे धरत नाहीत. एकाच वाणाची दोन झुडपे लावूनही उपयोग होत नाही, कारण फांद्यांपासून तयार केलेली ती रोपे म्हणजे एकाच मूळ झाडाचे तुकडे. म्हणून जात तीच, वाण वेगळा आणि बहराची वेळ एक, हे पाहूनच जोडी निवडावी. 'न्यूडम' जातीचे 'विंटरथर' आणि 'ब्रँडीवाइन' हे वाण शेजारी शेजारी लावतात. त्यांची फळे हिरवी, गुलाबी, निळी असे रंग बदलत जातात. 'डायलेटाटम' जातीत लाल फळांच्या 'एरी'बरोबर पिवळ्या फळांचा 'मायकेल डॉज' लावता येतो. दोन्ही झुडपांत पंधरा मीटरपेक्षा जास्त अंतर नसावे.

हेही लक्षात ठेवा

* 'ओप्युलस' जातीचा 'रोझियम' हा वाण विकत घेताना विचार करावा. त्याची चेंडूसारखी फुले देखणी, पण वांझ असतात.
* बहर ओसरताच सरसकट छाटणी केल्यास धरलेली फळेच कापली जातात. हिवाळा संपता संपता फक्त दोन-तीन जुन्या फांद्या बुंध्याशी कापाव्यात.
* बहरात कीटकनाशक फवारू नये. परागीभवन मधमाश्या व इतर कीटकच करतात.
* भरपूर ऊन मिळाल्यास फळे अधिक धरतात.
* ही फळे शोभेची समजावीत. मुलांना कच्ची खाऊ देऊ नयेत.

एकटे झुडूप असेल तर ते उपटण्याची घाई करू नये. शेजारच्या अंगणात त्याच जातीचा दुसरा वाण असला, तरी काम भागते. मधमाश्यांना कुंपण आड येत नाही.