नगरीचा मैलाचा दगड

मुंबईस गेलेला बडोदेकर ‘चर्चगेट’ हे नाव दिवसातून चार वेळा उच्चारतो. पण ते चर्च कोणते आणि तो दरवाजा गेला कोठे, हा प्रश्न आपल्यापैकी किती जणांस पडतो? दरवाजा आता नाही. किल्ल्याचा तट १८६० नंतरच्या दशकात पाडण्यात आला, त्याबरोबर तोही गेला. चर्च मात्र हॉर्निमन सर्कलजवळ आजही उभे आहे. तेच संत थॉमसचे कॅथीड्रल.

सहलीच्या निमित्ताने आम्ही तेथे गेलो असता एका विद्यार्थ्याने दारातच विचारले, “सर, हे तर गोऱ्या साहेबांचे देऊळ! आपण ते कशासाठी पाहावयाचे?” प्रश्न रोखठोक होता. तेथे त्याचे पुरते उत्तर देता आले नाही. म्हणून हा लेख.

प्रथम त्या मुलाच्या म्हणण्यात जे खरे आहे ते मान्य केले पाहिजे. ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर जेराल्ड ऑंजियर याच्या कारकीर्दीत १६७६ साली या चर्चचा पाया घातला गेला. पुढल्याच वर्षी तो वारला आणि अर्धवट भिंती सुमारे चाळीस वर्षे तशाच पडून राहिल्या. पुढे रिचर्ड कॉब या धर्मोपदेशकाने वर्गणी जमवून काम तडीस नेले व १७१८ च्या नाताळात चर्च उपासनेस खुले झाले. ते राज्यकर्त्यांचेच चर्च होते. भिंतींवरील स्मृतिशिला कंपनीच्या अधिकाऱ्यांचे व सेनानींचे गुण गातात; ज्यांनी दगड वाहिले आणि चुना मळला त्यांची नावे तेथे शोधूनही सापडावयाची नाहीत.

परंतु वास्तूचे चरित्र तिच्या पायाभरणीपाशी संपत नाही. याच कॉबने चर्चच्या शेजारी एक लहानशी मोफत शाळा काढली. बारा गरीब मुले आणि एक शिक्षक, एवढाच तिचा संसार! मुलांस अन्न, वस्त्र व निवारा तेथेच मिळे. १८१५ साली स्थापन झालेल्या बॉम्बे एज्युकेशन सोसायटीने पुढे ती शाळा चालविली, आणि नाशिकजवळील देवळालीचे बार्न्स स्कूल हे आपली परंपरा तिच्यापर्यंत नेऊन भिडवते. चर्चच्या दारापुढील सुबक कारंजे दिले ते कावसजी जहांगीर रेडीमनी या पारशी गृहस्थाने. दुसऱ्या धर्माच्या मंदिरापुढे पाणी खेळवावे असे त्यास वाटले, यातच नगरीचे मोठेपण आहे.

मुंबईतील अंतरे एके काळी याच चर्चपासून मोजीत. तसे मैलाचे दगड शहरात जागोजागी होते. रस्ते उंच होत गेले तसे त्यांतील कित्येक गाडले गेले. अलीकडच्या वर्षांत त्यांपैकी काही शोधून त्यांची डागडुजी करण्यात आली आहे.

आम्हां बडोदेकरांनी तर तेथील एका स्मारकापुढे अवश्य थांबावे. ते आहे १७९५ ते १८११ या काळातील मुंबईचा गव्हर्नर जोनाथन डंकन याचे. काशी प्रांत व काठेवाड येथील बालहत्या त्याने बंद केली, असे गौरवाचे शब्द त्यावर कोरले आहेत. जन्मलेल्या मुलीस मारून टाकण्याच्या त्या क्रूर चालीविरुद्ध काठेवाडातील जाडेजा सरदारांकडून १८०८ साली करार लिहवून घेणारा कर्नल वॉकर हा बडोद्याचाच रेसिडेंट होता. प्रयत्न खराच स्तुत्य. परंतु चाल बंद झाली असे जे शिलेवर लिहिले आहे ते सत्य नव्हे. १८७० साली सरकारास त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. कन्येचा जन्म अजूनही ज्या घरात जड होतो, त्या घराने तर ही शिला फार घाईने बोलली असेच म्हणावे लागेल.

असली स्थळे पाहावयाची ती याचसाठी. त्यांपुढे केवळ मान तुकवू नये, की परक्यांची म्हणून पाठही फिरवू नये. शिलेवरील स्तुती वाचावी, तिची पारख करावी आणि जी कामे अपुरी राहिली ती आपली मानावी. १९७० साली अँग्लिकन व इतर काही पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. तेव्हापासून हे कॅथीड्रल त्या भारतीय चर्चचे आहे. त्याच्या जीर्णोद्धाराच्या कामास २००४ साली युनेस्कोचा पुरस्कारही लाभला.

तेव्हा, बाळा, तुझ्या प्रश्नाचे माझे उत्तर हे असे आहे. देऊळ साहेबांनी बांधले हे खरे. पण साहेब गेले आणि नगरी राहिली. बारा गरीब मुलांची ती शाळा, पारश्याचे ते कारंजे आणि अपुऱ्या सुधारणेची ती शिला हा सारा त्या नगरीचा, म्हणजे आपलाच, वारसा आहे. पुढल्या खेपेस चर्चगेटला उतरलास, तर दहा-पंधरा मिनिटे पायी चालून जा आणि डंकनच्या स्मारकापुढे पुन्हा एकदा उभा राहा.